टोकणं

परवा संध्याकाळी मी ऑफिसात कॉम्प्युटरवर खेकसले. ‘थांब की जरा!’ चांगल्या खणखणीत आवाजात. शेजारच्या टेबलावरचा आमचा नवा मुलगा दचकला. त्याला वाटलं, त्यालाच म्हणतेय. मग माझे डोळे स्क्रीनवर आहेत हे दिसल्यावर मान खाली घालून हसला. सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीत साडेसहाला असते तशी शांतता होती. समोरच्या शेडमधलं ग्राइंडिंग थांबलेलं, चहावाला पेले गोळा करून गेलेला. काम तसं किरकोळच होतं, पंपाखाली बसणारा एक बिडाचा ब्रॅकेट. त्याचं अजून काहीच ठरलेलं नव्हतं. एक रिब, म्हणजे मजबुतीसाठीची आडवी-उभी पट्टी, नुसती इकडून तिकडे ओढून बघत होते, तिरकी बरी की सरळ, एवढंच. माउसवरचं बोट उचलायच्या आत ती बाजू लालभडक झाली आणि कोपऱ्यात पाटी आली: या बाजूला ड्राफ्ट नाही.

नव्हताच. मला ठाऊक होतं. ओतकामात पॅटर्न, म्हणजे वस्तूचा नमुना, वाळूत दाबतात आणि मग वर ओढून काढतात, म्हणून त्याच्या उभ्या बाजू अगदी उभ्या ठेवून चालत नाही. एक-दोन अंशांचा उतार लागतो, बादली वर रुंद आणि खाली अरुंद असते तसा. यालाच ड्राफ्ट म्हणतात, शॉपवर टेपर म्हणतात. वीस वर्षं हेच करतेय मी. दिला असता की शेवटी. पण अजून विचार धड सुरूही झाला नव्हता तोवर कुणीतरी खांद्यावरून वाकून चूक दाखवली होती. गेल्या महिन्यात आमच्याकडे ही नवी सोय बसवली आहे. आधी चित्र पुरं करून तपासणीचं बटण दाबावं लागायचं, आता तपासणी सतत चालू असते. रेघ हलली की रंग हलतो. मी घरी गेले, भात लावला, तरी ते ‘थांब की जरा’ डोक्यातून जाईना. एक म्हणजे सॉफ्टवेअरचं बरोबर होतं. आणि दुसरं म्हणजे तो आवाज ओळखीचा होता. आठवीतली माझी मुलगी गणित सोडवताना मी मागून बोट ठेवलं की अगदी याच चालीत म्हणते, ‘आई, थांब की जरा.’

टोकणं. आपल्याकडे हा शब्द दोन कामं करतो. चुकणाऱ्याला जागेवर अडवून सांगणं म्हणजे टोकणं, आणि कामाला निघालेल्या माणसाला ‘कुठं निघालात?’ विचारून त्याच्या कामाला खोडा घालणं म्हणजेही टोकणंच. माझी आजी कुणी उंबऱ्यात असताना ‘कुठं’ हा शब्द उच्चारू द्यायची नाही. ‘लांब निघालात वाटतं?’ असं विचारायचं. उत्तर तेच मिळतं, पण कामाला नाट लागत नाही. लहानपणी मला हा सगळा खुळेपणा वाटायचा. आता वाटतं, विचारायच्या तऱ्हेत आणि वेळेत काहीतरी असतं हे म्हातारीला पक्कं कळलेलं होतं, फक्त कारण तिनं भलतंच लावलेलं.

बाबा पॅटर्नमेकर. खणभागातल्या आमच्या घरामागं पत्र्याची शेड होती, तिथं ते सागवानाचे पॅटर्न करायचे: पुली, व्हॉल्व्हची बॉडी, पंपाचं केसिंग, त्यांचे कोअरबॉक्स. सागवानाच्या भुश्शाला एक तेलकट, कडवट वास असतो. त्यात पॅटर्नला लावायच्या चपड्यातल्या स्पिरिटचा वास मिसळला की दुपारी तिथं अभ्यास करताना डोळे जड व्हायचे. तिथंच मला पहिल्यांदा कळलं की बाबांची पट्टी खोटी आहे. पाचवीत असेन. माझी पट्टी शाळेत राहिली म्हणून त्यांची स्टीलची पट्टी घेऊन भूमितीचा गृहपाठ केला आणि दुसऱ्या दिवशी बाईंनी सगळ्या आकृत्यांवर लाल शेरा मारला. दहा सेंटिमीटरची रेघ दहा सेंटिमीटर आणि एक मिलिमीटर भरत होती. घरी येऊन मी रडले. बाबा म्हणाले, ‘ती लोखंडाची पट्टी आहे, वहीची नाही.’ एवढंच. बीड थंड होताना साधारण एक टक्का आकसतं, म्हणून पॅटर्न तेवढाच मोठा करावा लागतो. दर वेळी हिशेब नको म्हणून पट्टीच मुळात एक टक्का लांब आखलेली असते. अॅल्युमिनियमची वेगळी, स्टीलची वेगळी. हे मला पुढे डिप्लोमाला गेल्यावर समजलं. चूक होण्याआधीच, चकार शब्द न काढता टोकणारं ते अवजार होतं. लाल नाही, हिरवं नाही. कारागिराला कळतही नाही की आपण दुरुस्त होतोय.

बाबांची स्वतःची टोकायची पद्धत याहून निराळी. शेडमध्ये दोन-तीन हाताखालची पोरं असायची. कुणाची करवत तिरकी चाललीय हे बाबांना तिच्या आवाजावरून कळायचं; रंध्यावर झुकलेले असले तरी मान किंचित वळायची. पण तोंडातून शब्द नाही. करवत चालू असताना बोलायचं नाही हा नियमच होता आणि तो त्यांनी स्वतःलाही लावलेला. एकदा मी शाळेतून धावत आले, वक्तृत्वात नंबर आला होता, आणि दारातूनच ‘बाबाऽ’ अशी हाक मारली. त्यांनी वर पाहिलंच नाही. काप पुरा केला, करवत भिंतीला टेकवली, भुस्सा फुंकला, मग ‘हं, बोल.’ तोवर माझ्यातली हवा गेली होती. तो राग मी पुष्कळ वर्षं सांभाळून ठेवला. खरं सांगायचं तर अजूनही थोडा आहे.

मग पोराची चूक ते कशी सांगायचे? सांगायचेच नाहीत. जेवणाच्या सुट्टीत पोरं नळावर हात धुवायला गेली की बाबा त्यांच्या बाकापाशी जायचे, गुण्या, म्हणजे काटकोन तपासायचं अवजार, लावायचे आणि लाकूड दाराकडे उचलून धरायचे. गुण्याची पाती आणि लाकूड यांच्यामधून उजेड दिसला की तिथं पेन्सिलनं एक बारीक फुली. पोरगा परत आला की फुली दिसायची. तो आपला गुण्या घ्यायचा, स्वतः उजेडाकडे धरून बघायचा, ओशाळायचा आणि कानस उचलायचा. कुणी कुणाला काही बोललेलं नसायचं. ज्याला ती उजेडाची रेघ दिसायची नाही, तो महिन्याभरात दुसरीकडे काम बघायचा. हा भाग मला तेव्हाही आवडायचा नाही. बाबा कधीच कारण सांगत नसत. फुली म्हणजे चूक. का चूक, ते तुझं तू शोध. हुशार पोरं शिकली. बाकीची?

माझी स्वतःची पहिली मोठी चूक मला कळायला तीन आठवडे लागले होते. पहिली नोकरी, एक फाउंड्री, नाव नको. एका हाउसिंगच्या आतल्या बाजूला मी टेपर उलटा दिला होता, म्हणजे बादली उलटी. ड्रॉइंगवर कुणाच्या लक्षात आलं नाही. पॅटर्न झाला, तोही तसाच झाला. कारण तो करणारा माणूस ‘ड्रॉइंगप्रमाणे’ करणारा होता, बाबांसारखा भांडणारा नव्हता. मग एका दुपारी मोल्डिंगवरून निरोप आला, मॅडमना खाली पाठवा. खाली काळी वाळू. बेंटोनाइट, कोळशाची पूड आणि जेमतेम तीन-चार टक्के पाणी, पहिल्या पावसानंतर भट्टीपाशी उभं राहावं तसा वास. मोल्डर पन्नाशीचा, बेडगेकडचा. त्यानं एक मूठ वाळू दाबून माझ्यासमोर हात उघडला, बोटांचे ठसे स्वच्छ उमटलेले. म्हणजे वाळूत खोट नाही. मग पॅटर्न ठोकून सैल केला, उचलायचा स्क्रू माझ्या हातात दिला आणि म्हणाला, ‘काढा की मॅडम.’ मी ओढलं. आतली कड धसकन सुटली, अर्धी वाळू पॅटर्नला चिकटून वर आली आणि साच्यात चतकोर भाकरीएवढा खड्डा पडला. त्यानं साचा मोडला, वाळू परत ढिगात टाकली, पुन्हा भरला. ‘आता परत काढा.’ तीन वेळा. चौथ्यांदा त्यानं लावलं नाही. मी शरमेनं गोरीमोरी झाले होते, पण उलटा टेपर कसा धरून ठेवतो ते माझ्या मनगटाला कळलं ते कळलं. आजही स्क्रीनवर तशी बाजू दिसली की उजव्या मनगटात काहीतरी ओढल्यासारखं होतं.

म्हणजे तीन आठवड्यांची वाट आणि डोळ्याची पापणी लवायच्या आतला लाल रंग, ही दोन टोकं मी एकाच नोकरीच्या आयुष्यात पाहिली. मागे वळून तो तीन आठवड्यांचा काळ गोड मानावा असं काही नाही. पॅटर्न फुकट, मजुरी फुकट, आणि साहेबांची बोलणी वेगळीच. इव्हान सदरलँड या संगणकतज्ज्ञानं १९६३ साली अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात ‘स्केचपॅड’ केलं, पडद्यावर प्रकाशाच्या लेखणीनं चित्र काढायचा पहिलाच मोठा प्रयत्न, तेव्हाही त्यात त्यानं पूल काढला आणि त्याच्या प्रत्येक दांड्यावर किती जोर येतो त्याचे आकडे तिथल्या तिथं दाखवले. म्हणजे चित्र काढणारं यंत्र जन्माला आलं ते तोंड उघडूनच. कागद कधी बोलला नव्हता. बिचारा कागद तीन आठवडे चूक पोटात ठेवून गप्प बसायचा.

पण सारखं बोलणाऱ्याचं पुढं काय होतं, तेही मी केलंय. दोन-तीन वर्षांपूर्वी एका झाकणाच्या डिझाइनवर तपासणी चालवली तर ४३ इशारे आले. इथं त्रिज्या लहान, तिथं भोक कडेच्या जवळ, अमुक ठिकाणी कोपरा धारदार. निम्मे इशारे दुसऱ्याच प्रकारच्या ओतकामाच्या नियमांवरून आलेले, आमच्या कामाला लागूच नव्हते. पहिले दहा वाचले. मग चाळले. मग सगळे एकदम निवडून ‘दुर्लक्ष करा’. त्या ४३ मधला एक खरा होता. जाड भिंतीला एकदम पातळ भिंत जोडली होती मी. पातळ भाग आधी थिजतो, जाड भाग मागून आकसत राहतो, त्याला धातू पुरत नाही आणि पोटात पोकळी राहते. बाहेरून नग देखणा. मशीनवर ड्रिल मारताना ती पोकळी उघडी पडली. अकरा नग भंगारात गेले आणि ‘सॉफ्टवेअरनं सांगितलं नाही’ असं म्हणायची सोय नव्हती. त्यानं सांगितलं होतं. त्रेचाळीस आवाजांत एक आवाज त्याचा होता.

सांगलीकराला खरं तर हे कुणी शिकवायला नको. पावसाळ्यात आपलं पहिलं वाक्य ‘आयर्विनला किती?’ आणि दुसरं ‘कोयनेतून किती सोडलं?’ कृष्णेवरच्या या आयर्विन पुलापाशी इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५ फूट, हे इथल्या बालवाडीतल्या पोरालाही माहीत असतं. यात शहाणपण कुठं असेल तर ते मधल्या पाच फुटांत आहे. चाळीसला कुणी घर सोडत नाही. चाळीसला गव्हाची पोती माळ्यावर जातात, गाडी उंचावर नेऊन लावतात, कागदपत्रांची पिशवी दाराशी येते. इशारा वेगळा आणि धोका वेगळा, हे ज्यानं ठरवलं त्याला माणसाची हालचाल कशी होते ते ठाऊक होतं. बारा फुटांपासूनच भोंगा वाजवायला लागले असते तर २०१९च्या ऑगस्टात पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा भोंग्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नसतं. माझ्या स्क्रीनवर मात्र सगळंच एका लाल रंगाचं. विचार म्हणून ओढलेली रेघही लाल आणि कारखान्याला पाठवायच्या ड्रॉइंगमधली चूकही लाल.

त्या पुरात आमच्या घरात कमरेएवढं पाणी होतं. नंतर स्वयंपाकघर नव्यानं करायचं ठरलं तेव्हा एक मुलगा लॅपटॉप घेऊन आला. त्याच्याकडे किचन आखायचा प्रोग्रॅम होता. ओटा, सिंक, कपाटं ओढून ठेवली की चित्र तयार. आईनं पहिलीच गोष्ट सांगितली: फ्रिज दोन फूट उंच कट्ट्यावर, आणि प्लगचे बोर्ड छातीएवढ्या उंचीवर. प्रोग्रॅमनं फ्रिजभोवती लाल चौकट काढली. उंची बसत नाही, वरचं कपाट उघडणार नाही. मुलानं अदबीनं समजावलं, ‘काकू, स्टँडर्डमध्ये असं नसतं.’ आई म्हणाली, ‘तुझ्या त्या मशिनात कृष्णा आहे का?’

तो गप्प झाला. मला मात्र तेव्हा एक जुनी वाचलेली गोष्ट आठवली. अमेरिकेत कोलोरॅडोतल्या बोल्डरच्या विद्यापीठात गेरहार्ड फिशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकाच्या शेवटी ‘जेनस’ नावाचा प्रोग्रॅम केला होता, तोही स्वयंपाकघर आखायचाच. त्यात ‘टीकाकार’ होते, म्हणजे आखणाऱ्याचं काम बघत बसून चुकलं की बोलणारे छोटे छोटे नियम. सिंक, शेगडी आणि फ्रिज यांना जोडणारा त्रिकोण २३ फुटांच्या आत असावा, असला एक नियम. तेवीस फूट! आमचं अख्खं स्वयंपाकघर आठ बाय दहा, त्यात देव्हाराही. हसू येतं, पण त्या माणसांनी एक गोष्ट फार समजून केली होती. टीकाकार बोलला की त्याच्या मागे जाऊन हा नियम का, त्याच्या बाजूनं काय म्हणता येईल आणि विरुद्ध काय, ते उघडून वाचता यायचं. म्हणजे भांडायला जागा होती. बाबांच्या फुलीत ती नव्हती, आणि आमच्याकडे आलेल्या मुलाच्या लाल चौकटीतही नव्हती. असती तर आईचं एक वाक्य तिथं कायमचं नोंदवता आलं असतं आणि गावभागातल्या पुढच्या बाईला तेच पुन्हा सांगावं लागलं नसतं. मराठीत पत्र टाइप करताना प्रत्येक शब्दाखाली लाल नागमोडी रेघ यायची, आठवतं? आपलं काही चुकलेलं नसायचं. टोकणाऱ्याला आपली भाषाच येत नव्हती.

पुढे नव्वदच्या दशकात कॅलिफोर्नियातल्या अर्व्हाइनच्या विद्यापीठात जेसन रॉबिन्स आणि मंडळींनी ‘आर्गो’ केलं, सॉफ्टवेअरचे आराखडे काढायचं साधन. त्यातले टीकाकार मागच्या बाजूला सतत काम करायचे, पण आखणाऱ्याच्या अंगावर यायचे नाहीत. त्यांचं म्हणणं एका यादीत जमा व्हायचं, ‘करायची कामं’ म्हणून. हात मोकळा झाला की बघा. हे वाचताना मला अक्षरशः आमची शेड दिसली: नळावर हात धुणारी पोरं आणि बाकावरच्या लाकडावर पेन्सिलची फुली. सातवीपर्यंत शिकलेल्या खणभागातल्या माणसाला हे कुणी सांगितलं होतं कुणास ठाऊक. बापाबद्दल उगाच अभिमान वाटायच्या माझ्या ज्या मोजक्या जागा आहेत, त्यातली ही एक.

मध्यंतरी एका मैत्रिणीबरोबर मिरजेला सतारमेकर गल्लीत गेले होते. तिच्या तंबोऱ्याची जवारी बसली होती. तार छेडली की स्वर नुसता टप्प करून पडायचा. कारागिरानं तंबोरा आडवा घेतला, तारा सैल केल्या, तारांखालची घोडी उघडी केली आणि तिच्या माथ्यावरून बारीक कानस फिरवली. दोन हात, फक्त दोन. पुन्हा तारा चढवल्या, छेडल्या, कान भोपळ्यापाशी नेला. पुन्हा सैल. पुन्हा दोन हात. जास्त घासली गेली तर गेलेलं परत आणता येत नाही, म्हणून प्रत्येक वेळी हा सगळा उपद्व्याप. दीड तास आम्ही बसलो होतो. मध्ये मैत्रीण म्हणाली, ‘आता बरा वाटतोय.’ त्यानं नुसता हात वर केला, थांबा. शेवटी तारेखाली सुती दोरा, ज्याला ते जीव म्हणतात, तो सरकवत सरकवत एका जागी आणला आणि एकदम त्या एका तारेतून चार तारा वाजायला लागल्या. मधमाश्यांच्या पोळ्यासारखी घुमणारी खोली. तिथं टोकणारं होतं ते लाकूड, हाड आणि तार, आणि ते विचारल्याशिवाय बोलत नव्हतं. छेडलं तरच उत्तर. मला हेवा वाटला.

आता खरं तर इथं मी म्हणायला हवं की आमच्या ऑफिसातली नवी पोरं आयत्या लाल रंगामुळे आळशी झाली, त्यांना हातानं काही कळत नाही. मलाही तसंच वाटायचं. गेल्या आठवड्यात लायसन्सचं काहीतरी बिनसलं आणि दिवसभर ती सोय बंद पडली. मी मुद्दाम, थोडी दुष्टपणानंच, आमच्या नव्या मुलाला एक ब्रॅकेट काढायला दिला. संध्याकाळी बघितलं तर एकूण एक बाजूला टेपर, बरोबर दिशेला. कोपरे गोल. भिंतींची जाडीही हळूहळू उतरवलेली. त्यानं आयुष्यात वाळूत हात घातलेला नाही. कसं केलंस म्हटलं, तर खांदे उडवत म्हणाला, ‘नाही दिलं तर लाल होतं ना मॅडम, सवय झालीय.’ लाल रंग त्याच्या बोटात उतरला होता, माझ्या मनगटात ती वाळू उतरली तसाच. माझे तीन आठवडे आणि एक पॅटर्न गेला होता. त्याचं काही गेलं नाही.

मग मी विचारलं, इथं दोन अंश का, तिकडं एक का? त्याला येईना. आतल्या बाजूला जास्त लागतो एवढं माहीत होतं. का, ते नाही. त्याला खाली मोल्डिंगवर घेऊन गेले असते तर कळलं असतं. पण त्या दिवशी डिस्पॅच होता, आणि खरं कारण असं की मला वाईट वाटलं होतं. कशाचं, ते नीट सांगता येत नाही. आपण जे सोसून शिकलो ते दुसऱ्याला न सोसता आलं की आनंद व्हायला पाहिजे. झालाही. पण पूर्ण नाही.

माझ्या मशीनवर मी ती सतत चालणारी तपासणी बंद केलीय. सेव्ह केल्यावर चालावी असं ठेवलंय. त्याच्याकडे चालूच आहे. दोघंही एकमेकांच्या स्क्रीनकडे जरा संशयानं बघतो.

रविवारी बाबा घरी आले होते. आता पंचाहत्तरीला टेकलेत, हात थरथरतो, शेड मोडून तिथं भाडेकरूची मोटरसायकल उभी असते. मी हौसेनं त्यांना लॅपटॉप दाखवला. रिब ओढली, सेव्ह केलं, बाजू लाल झाली. टेपर दिला, हिरवी झाली. त्यांनी चष्मा वर-खाली केला.

‘लगेच सांगतं?’

‘लगेच सांगायला लावलं तर लगेच. मी थांबवून ठेवलंय.’

‘हं.’ मग बराच वेळ त्यांचं लक्ष स्क्रीनवर नव्हतंच. माझ्या नव्या टेबलाच्या कडेवरून अंगठा फिरवत होते. ऑनलाइन मागवलेलं टेबल, चार महिने झाले, मी त्याच्यावर फार खूश होते. मी चहा ठेवायला आत गेले. चहा झाला, इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या, नातीनं त्यांना रिक्षात बसवून दिलं.

सोमवारी सकाळी लॅपटॉप उचलला तेव्हा दिसलं. टेबलाच्या डाव्या कोपऱ्यावर, पाय जिथं फळीला मिळतो तिथं, पेन्सिलची एक बारीक फुली. थरथरत्या हातानं काढलेली, एक पाय लांब झालेला. मी मुलीच्या कंपासपेटीतला गुण्या आणला, कोपऱ्याला लावला आणि खिडकीच्या बाजूनं वाकून पाहिलं.

उजेड दिसत होता.